पथकातला परका माणूस

ठाण्याच्या खाडीकाठी एका कोळीवाड्यात शेवंती नाखवा मुलींचं गोविंदा पथक चालवते. तीस वर्षं मासळीबाजारात बसलेली बाई. माणूसही ती ताज्या मासळीसारखा कल्ले उघडून बघते. पथकात मदतीला नवीन मोठं माणूस आलं की त्याला आधी चहा पाजते, नावगाव विचारते आणि त्याची हमी द्यायला वाड्यातली दोन माणसं आणायला लावते. एवढं करूनही वर्षभर त्याला कुठल्याही मुलीसोबत एकटं सोडत नाही. वाड्यातल्या माणसांना यातलं काहीच लागू नव्हतं. आपल्याच माणसाची चौकशी कसली करायची?

यंदा ठाकुर्लीहून विनीत आला. चाळिशीचा, बँकेत नोकरीला. पथकात ना त्याची मुलगी, ना भाची.

"मंग आलास कशाला?" चहा पुढे करत शेवंतीने विचारलं.

"कॉलेजला असताना थर लावायचो, मावशी. आता गुडघा गेलाय. पण खाली उभा राहून पोरींना झेलू शकतो."

उत्तर चोख होतं, म्हणूनच तिला खटकलं. त्याने हमीला माणसं आणली तरी तिने टेंभी नाक्यावर जाऊन त्याच्या जुन्या पथकातल्या सोबत्यांना गाठलं. त्यांनी तोंड भरून कौतुक केलं, तसा तिचा संशय आणखी वाढला. एवढं चांगलं असतं का कोणी? सरावाला तिचा एक डोळा थरांवर, दुसरा विनीतवर. तो मुलींशी चार पावलं लांबून बोलायचा, तेही तिला सोंग वाटायचं.

महिनाभराने एका संध्याकाळी सराव संपल्यावर तो तिच्यापाशी आला.

"मावशी, मुलीला एकट्याने घरी सोडायचं नाही, असं तुम्ही मला बजावलंत. हितेश रोज दिपिकाला एकटीला बाईकवरून नेतो. तिला जायचं नसतं. मला ते बरं दिसत नाही."

हितेश तिचा सख्खा पुतण्या, पथकात मदतीला असायचा. शेवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"महिन्याचा पाव्हणा तू, आणि माझ्या घरातल्यावर बोट ठेवतोस? उद्यापासून येऊ नको."

"नाही येत. पण तिला एकदा विचारा," म्हणून विनीत निघून गेला.

फाटकाशी हितेश बाईक चालू करून बसला होता. पंधरा वर्षांची दिपिका भिंतीपाशी उभी राहून दप्तराची चेन उगाच उघडत होती, लावत होती. शेवंती तिच्याजवळ गेली.

"हितेशसंगं जायाचं नाय का तुला?"

दिपिकाने नकारार्थी मान हलवली. मग अगदी हळू विचारलं, "मी सांगितलं ते त्याला कळणार नाही ना?"

शेवंती तडक फाटकाशी गेली, बाईकची चावी काढून घेतली आणि हितेशला म्हणाली, "चालत घरी जा. आज तुझ्या बापाशी बोलायचंय मला. पथकात परत पाय ठेवायचा नाय."

"कोण बोललं तुला, काकी?"

"कोण कशाला बोलेल? मी बघितलं माझ्या डोळ्यांनी."

बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटली. बघितलं होतं ते विनीतने, आणि त्याला तिने आत्ताच हाकलून दिलं होतं.