रोमन काळातली सवत

परवा दुपारी आमचे हे गॅलरीत चटईवर बसून, अभ्यासाला आलेलं एक जुनं खापर भिंगातून न्याहाळत होते. सारी हयात उत्खननात गेली, तरी तुकडा अजून तान्ह्या बाळासारखा धरतात. "काय नाजूक गळा! तांबूस अंगावर पांढऱ्या रेघा... रोमची गलबतं आपल्या किनाऱ्याला लागायची, तेव्हाचं असणार." माझा जळफळाट झाला. या वयात!

लग्नाच्या पहिल्या वर्षी तर मी ठार खुळी होते. नवी साडी नेसून उत्खननाच्या छावणीत ह्यांच्यासमोर तीनदा फिरले, तर म्हणाले, "उजेड अडवू नकोस." मग मी आमच्या लग्नातल्या रंगवलेल्या मडक्याचा तुकडा गुपचूप ह्यांच्या खापरांच्या ढिगात ठेवला. वाटलं, ओळखतील. संध्याकाळी वहीत नोंद होती : 'अलीकडचा. रंग कच्चा. टाकून द्यावा.' मी बाईसाहेबांच्या थाटात दोन दिवस अबोला धरला. कोणाला कळलासुद्धा नाही.

ज्याचं वय शोधायचं असतं, त्याच्याकडे माणूस किती मायेनं बघतो. बायकोचं वय ठाऊक असतं, म्हणूनच बघायचं राहत असेल.

"अहो, कधी माझंही वर्णन करा की!"

ह्यांनी खापर खाली ठेवलं, भिंग माझ्याकडे वळवलं. कपाळापासून गळ्यापर्यंत नीट न्याहाळलं.

"गळ्यावरचा हा तीळ कधीचा?"

"जन्मापासूनचा!"

"अरेच्चा, नोंदच नाही केली," म्हणत ते पेन्सिल शोधू लागले.

मी सोळा वर्षांच्या पोरीसारखी लाजले, आणि ते खापर हळूच चटईखाली सरकवलं.