मुद्दाम संध्याकाळी आलेल्या शेंडगेबाई

विमल शेंडगेबाईंची आणि माझी पहिली भेट बारामतीत, मेंदूविकाराच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात झाली. माझी डावी पापणी खाली आली होती. ती बोटानं वर धरून मी दारावरची पाटी वाचत होते. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "पापणी पडते ना? माझीही पडते." असं आणखी कुणाला होतं, हेच मला तोवर ठाऊक नव्हतं.

आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही. सकाळी माणूस धडधाकट दिसतो. दिवस कलतो तसे डोळे, हात, गिळणं, बोलणं सगळं थकत जातं. बाईंना तो ऐन तिशीत जडला. एकदा तर श्वासच अडला आणि त्यांना कृत्रिम श्वासावर ठेवावं लागलं. त्यातून उठून त्या इंदापूर तालुक्यातल्या आपल्या शाळेत परतल्या, तेव्हा सर्वांनी स्वेच्छानिवृत्तीचा सल्ला दिला. बाईंनी मुख्याध्यापकांकडून गणिताचे सकाळचे तास मागून घेतले आणि निवृत्तीपर्यंत शिकवलं. नव्या वर्गाला त्या पहिल्याच दिवशी सांगत, "माझी पापणी मिटली तर झोपले समजू नका. ऐकते आहे मी." मुलं हसत, पण बाईंचा आवाज उतरला की आपणहून गप्प होत.

जळोचीला माझ्या सासरी मात्र कुणाला हे पटत नव्हतं. भाकरी थापताना माझे हात गळत. सासरे, म्हणजे आबा म्हणत, "तरण्या पोरीला एवढा थकवा? सोंग हाय." मला माहेरी धाडायचं ठरत आलं होतं. मी रडत बाईंना फोन केला. दुपारनंतर सहसा घराबाहेर न पडणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला एसटीनं आमच्याकडे आल्या.

चहा झाल्यावर त्यांनी सासूबाईंना दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगितले, स्वतःही धरले. सासूबाईंचे हात तसेच राहिले. बाईंचे थरथरत खाली आले. त्यांचा आवाज नाकात गेला होता. तशाच आवाजात त्या आबांच्याच बोलीत म्हणाल्या,

"आबा, सकाळी आले असते तर तुमाला काहीच दिसलं नसतं. म्हणून मुद्दाम आत्ता आले. हे सोंग न्हाय, आजार हाय. गोळ्या आन् इसावा मिळाला तर पोरगी नीट संसार करंल."

आबांनी उठून बाईंच्या पाठीशी उशी ठेवली. मग म्हणाले, "हितंच राहील ती."

बाई त्या दिवशी मुक्कामाला राहिल्या. आमटीत कुस्करलेली भाकरी त्या थांबत थांबत गिळत होत्या, आणि सासूबाई स्वतःचं ताट विसरून बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा स्वयंपाक सासूबाईंनी आपल्याकडे घेतला.

बाई प्रेमळ आहेत, पण भिडस्त नाहीत. पुढं एकदा बरं वाटतंय म्हणून मी गोळ्या सोडल्या, तेव्हा कडाडल्या, "बरं वाटतंय ते गोळीनं वाटतंय!" नंतर कित्येक दिवस रोज सकाळी त्यांचा फोन येई. आज मी घरीच शिवणकाम करते, दमले की बिनघोर आडवी होते.

बाईंना साठावं वर्ष लागलं आहे. त्यांना निरोगी आयुष्य लाभो, असं लिहिताना पेन अडखळतं. हा आजार सोबत राहणार, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. म्हणून मागणं एवढंच, की त्यांचा श्वास मोकळा राहो, घास सुखानं उतरो आणि अशी पुष्कळ वर्षं त्यांना मिळोत. सासूबाईंनीही निरोप दिला आहे: "बाईंना म्हणावं, लई वर्सं जगा, आन् आमच्याकडं जेवायला या."