गुलाबी अळी

आमच्या केदारखेड्यात माझ्याइतका किड्यांचा जाणकार दुसरा नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात माझी हयात गेली. चाळणीवरून धो धो वाहणाऱ्या मक्यात लपलेला सोंडकिडा मी नुसत्या वासावर ओळखायचो. एकदा तर एका सोंडकिड्यानंच मला ओळखलं आणि मान खाली घातली. पटत नसेल तर सोडून द्या.

अशा माणसाची नात किड्यांना भिते. चार वर्षांची पोर. उन्हाळ्यात नळाखाली हात धुताना तिला गांधीलमाशी डसली. बोट सुजून वांग्याएवढं झालं. बरं, भेंडीएवढं म्हणू. सूज दोन दिवसांत उतरली, पोर मात्र माझ्या खांद्यावरून उतरेना. अंगणात मुंगी दिसली की वर. शिऱ्यात बेदाणा दिसला की वर. अंगणवाडीतही ती माझ्या खांद्यावरूनच हजेरी द्यायची, हत्तीवर बसलेल्या राणीसारखी. लोक हसायचे, मीही हसायचो. मग एक दिवस मातीत खेळणाऱ्या पोरांकडं बघता बघता ती माझ्या कानात म्हणाली, "आबा, मलाबी जायचंय. पण तिथं किडे हायेत." त्या दिवशी माझं हसू आटलं.

अंगणवाडीच्या बाईंना हे सांगितलं, तर त्यांच्या डोक्यात आधीच एक खेळ शिजत होता. परातीत धान्य घालायचं, त्यात खोटे किडे लपवायचे, पोरांनी हात घालून चाचपायचे, हुंगायचे, त्यांचा आवाज ऐकायचा. किड्याला भ्यायचं नाही आणि उगाच मारायचंही नाही. धान्य आणि किडे मी आणावेत, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, असे किडे आणतो की खरे किडे लाजून गाव सोडतील.

घरात कारखान्यातलं नमुन्याचं बियाणं पडलं होतं, लालभडक, देखणं. पण त्याला औषध चोळलेलं असतं. ते मी पोरांच्या वाऱ्यालाही उभं करत नाही. घरचा हरभरा घेतला, आवाजासाठी मक्याची वाळली पानं घेतली, किड्यांची अंडी म्हणून भिजवलेला साबुदाणा घेतला. कणकेच्या मुंग्या केल्या, भुंगे केले. नाकतोडा जरा बैलासारखा झाला. शेवटी कणकेत बिटाचा रस घालून एक अळी वळली, बोटभर लांब, गुलाबी, अंगावर बारीक वळ्या. इतकी हुबेहूब की सुनेनं चप्पल उचलली.

दुसऱ्या दिवशी पोरं परातीभोवती बसली, नात माझ्या खांद्यावर. बाईंनी आदल्या दिवशी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं: किडा दिसला की हळूच हात लावायचा. मुंग्यांना लावला, भुंग्यांना लावला. मग बाईंनी ती अळी तळहातावर घेतली आणि गोड आवाजात विचारलं, "ही आली तर आपण काय करायचं?"

"फवारा," सगळी पोरं एका सुरात म्हणाली.

निमिषात पाण्याच्या बाटल्या फवारणीच्या पंपासारख्या पाठीवर गेल्या. डाव्या हातानं नसलेला दांडा हापसणं सुरू झालं, उजव्या हातात नसलेली नळी. तोंडाला रुमाल बांधायलाही एकजण विसरला नाही. मग बाटल्यांची बुचं उघडली. जायकवाडीचे दरवाजे उघडले तरी एवढं पाणी येत नाही. बाईंच्या हातातली अळी परातीत पडली, भुंगे बुडाले, साबुदाणा वाहत उंबऱ्याकडं निघाला. बाई थांबा थांबा म्हणत होत्या. जगात लाख किडे, आणि कापूसवाल्यांच्या लेकरांपुढं मी नेमकी बोंडअळी नेऊन ठेवली होती.

तेवढ्यात माझ्या छातीवर टाच बसली.

"आबा, मला खाली ठेव."

ठेवली. ती अनवाणी त्या चिखलातून गेली, परातीत कोपरापर्यंत हात घातला. बोटांना मुंग्या चिकटल्या, भुंगे चिकटले, तिनं बघितलंही नाही. अळी काढून पोटाशी धरली आणि सगळ्यांना म्हणाली, "हिला मारू नका. हिनं कापूस खाल्ला न्हाई."

रुमालवाल्यानं जरा विचार केला. "मंग ठीक हाय," तो म्हणाला, आणि तोंडाचा रुमाल सोडून त्यानं अळी पुसायला दिला.

घरी तिनं अळी खिडकीत वाळत घातली. संध्याकाळी बघतो तर खऱ्या मुंग्यांची रांग लागलेली. मी खांदा पुढं केला, आता ही वर येणार म्हणून. ती उकिडवी बसून बघत होती. "जेवून राह्यल्या," ती हळू आवाजात म्हणाली.

तिची अळी वाचवावी म्हणून मी मुंग्या झटकायला गेलो, तर एक कडकडून चावली. माझी बोंब भोकरदनपर्यंत गेली असावी. नातीनं माझं बोट धरलं, फुंकर घातली.

"आबा, हळूच हात लावायचा असतो."

तेव्हापासून माझा खांदा रिकामा आहे आणि पोर दिवसभर मातीत. गावाला मात्र मी सांगितलंय की त्या दिवशी मला विंचू डसला, तोही काळा.