पाहुण्यांची ओसरी
देवपूरच्या आमच्या घरी पाहुणा आला की आई पाण्याच्या तांब्यासोबत वायफायचा पासवर्डही द्यायची. एकदा कोणी परकं आमच्या नेटवर्कमध्ये शिरलं, म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. मी बारा अक्षरी नवा पासवर्ड टाकेपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग म्हणाला, "अक्का, हाऊ पासवर्ड कोनलेच देऊ नका."

"मंग पाव्हनासले नई म्हनू? या वयमा?" आईचं तोंड उतरलं.

तो पुन्हा खाली बसला. पाहुण्यांसाठी त्यानं वेगळं नेटवर्क करून दिलं. "पाव्हना ओसरीमा बसतस, कोठीमा नई. हाई तुमनी ओसरी."

तो पुन्हा कधी दिसला नाही. आई गेली, पाहुणेही कमी झाले. 'ओसरी' नावाचं ते नेटवर्क मात्र मी अजून चालू ठेवलं आहे.