लाल पाटी नसलेला स्विच

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी, चाकणमधल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात, माझ्या वडिलांनी तपासणी लाइनचा मेन स्विच बंद केला. त्या वेळी लाइनच्या लिनक्स संगणकावर मी कंटेनरची साधनं बसवत होतो. काम अर्धवट होतं.

वडील त्या लाइनचे प्रमुख होते. निवृत्तीला आले होते. त्यांना आणखी एक वर्ष ठेवायचं की नाही, हे त्याच महिन्यात ठरणार होतं. मी त्याच कारखान्याच्या संगणक विभागात होतो.

कॅमेऱ्याने भाग तपासणारा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालतो. म्हणजे त्याला लागणारं सगळं सामान त्याच्याबरोबर एका बंद खोलीत असतं. शेजारच्या प्रोग्रॅममध्ये काही बदललं तरी त्याला धक्का लागत नाही. ही खोली चालवणारी साधनं जुनी झाली होती. ती काढायची आणि नवी बसवायची, एवढंच काम. जुनी मी काढली. नवी उतरवून घ्यायला सुरुवात केली. शेडमध्ये इंटरनेट हळू चालतं, म्हणून ते तसंच सोडून कँटीनमध्ये पोहे खायला गेलो.

मशिनवर काम चालू असेल तर मेन स्विचला लाल पाटी अडकवायची, असा कारखान्याचा नियम आहे. पाटी असली की स्विचला कोणी हात लावत नाही. फिटर, इलेक्ट्रिशियन सगळे तो पाळतात. संगणक विभागातलं कोणी पाटी लावत नाही. मीही लावली नव्हती.

खंडेनवमीला मशिनी पुसून, वीज बंद करून पूजा करतात आणि दसऱ्याची सुट्टी संपेपर्यंत त्या चालू करत नाहीत. वडील पूजेची तयारी करत लाइनवर आले. संगणकाची स्क्रीन आपोआप काळी झाली होती. स्विचला पाटी नव्हती. मी परतलो तेव्हा संगणकावर झेंडूचा हार होता.

"बाबा, हा चालू होता."

"आता परवा. पूजा झालीय त्याची. हा घे प्रसाद."

मी प्रसाद घेतला.

सुट्टीनंतर पहिल्या पाळीत तपासणीचा प्रोग्रॅम सुरू झाला नाही. जुनी साधनं गेली होती, नवी अर्धीच बसली होती. लाइन थांबली. ऑपरेटर जमले.

"काका, पोरगं ऑपरेशन करतंय अन् तुम्ही लाइटच घालवली व्हय!" लातूरकडचा एक जण म्हणाला. वडीलही हसले.

मॅनेजर आले. ते माझ्याच वयाचे. "स्विच कोणी बंद केला?"

"मी, साहेब."

"सर, पाटी मी लावायला हवी होती," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"कॉम्प्युटरला कुठे पाटी लावतात, यार?" ते माझ्याकडे बघून हसले. मग वडिलांकडे वळले. "काका, या नव्या सिस्टिम आहेत. विचारल्याशिवाय हात लावत जाऊ नका."

"बरं, साहेब."

वडील हात मागे बांधून उभे होते. मी तेच पुन्हा सांगितलं, पण मॅनेजर फोनवर बोलत निघून गेले होते. वडिलांकडे बघणं मला जमलं नाही. मला कोणी काही बोललं नव्हतं, याची लाज वाटत होती.

अर्धवट राहिलेलं काम मी पुरं केलं. जेवणाच्या सुट्टीआधी लाइन सुरू झाली. मॅनेजरनी सगळ्यांसमोर माझे आभार मानले. टाळ्या वाजल्या. वडिलांनीही वाजवल्या.

संध्याकाळी आम्ही मोटरसायकलवरून निगडीला घरी निघालो. वडील मागे बसले होते. सिग्नलला म्हणाले, "पाटीचं कशाला सांगत बसलास? तुझ्यावर आलं असतं."

"नाही आलं."

"बरं झालं."

घडलं ते क्रमाने लिहून मी मॅनेजरना मेल केला. पाटी लावणं माझं काम होतं, हेही लिहिलं. उत्तर आलं नाही. महिनाअखेरीस दुसऱ्या दोन लाइनच्या प्रमुखांना मुदतवाढ मिळाली. वडिलांना मिळाली नाही.