बर्फातल्या पट्ट्या

रक्तातली साखर मोजण्याच्या पट्टीवर वाळवून बसवलेले विकर, म्हणजे एन्झाइम, किती काळ काम करते, हा माझा प्रश्न होता. त्या प्रश्नाचे मोल पनवेलच्या मासळी बाजारात कळले. माझी नेहमीची कोळीण मधुमेही नवऱ्यासाठीची पट्ट्यांची डबी पापलेटांशेजारी बर्फात ठेवत असे.

"म्हावरं बर्फात टिकतं, मंग ह्या नाय टिकनार, गुरुजी?"

ओल लागली की विकर निकामी होते आणि आकडा खोटा येतो, असे मी समजावले. पापलेट कापणारा तिचा हात थांबला. आकडा कमी दिसतो म्हणून तिने नवऱ्याला डॉक्टरकडे नेले नव्हते. गेल्या महिन्यात त्याचा पाय कापावा लागला.

"मंग पाय माज्यामुलं गेला?"

खात्रीने सांगता येत नाही, असे मी म्हणालो; ते खरेही होते. तिने मान न उचलता उरलेले पापलेट कापले.

आपल्या घरची डबी कोरड्या जागी, घट्ट बंद आहे का, हे वाचकांनी कृपया स्वतः पाहावे.