मागच्या कोपऱ्यातला पत्रा

एमिल ह्रुस्का नेब्रास्कात शेतावरच्या पवनचक्क्या दुरुस्त करत फिरायचा. पन्नास साली त्याने आयुष्यातला पहिला कोरा पिकअप ट्रक घेतला. फुगीर गोल नाक, मडगार्डात बसवलेले दिवे, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पायाने दाबायचा स्टार्टर आणि मागे ओकच्या फळ्यांचा हौदा. केबिनच्या मागच्या कोपऱ्यांतही काचा हव्या असतील तर तीन आठवडे थांबा, असं विक्रेता म्हणाला.

"का रे, मान वळत नाही का तुझी?" बरोबर आलेला शेजारी क्लॅरेन्स हसला.

एमिलही हसला. कोपऱ्यात नुसता पत्रा असलेला ट्रक त्याने त्याच दिवशी घरी आणला.

सप्टेंबरात एका सकाळी त्याने तो शेडमधून मागे घेतला. मागचं चाक जरासं उचललं गेलं. लाकडाचा ओंडका असेल, असं त्याला वाटलं. ती त्याची चार वर्षांची लेक मार्सेला होती.

दफनानंतर पाद्री म्हणाले, "देवाची इच्छा, एमिल."

"देव नव्हता गाडीत, फादर. मी होतो."

त्या हिवाळ्यात त्याने करवतीने दोन्ही कोपरे कापले आणि स्वतःच्या हाताने तिथे काचा बसवल्या. बायको ब्लांच दारात येऊन उभी राहिली.

"आता कोणासाठी?" एवढंच तिने विचारलं.

काचा वाकड्याच बसल्या. पावसात गळायच्या.

त्यानंतर एमिलने ट्रक कधी मागे घेतला नाही. वळसा घालून, दुसऱ्याच्या कुंपणाला खेटून, पण पुढेच. दाण्याच्या दुकानात एखादा नवखा विचारायचा, "एमिल, तुझ्या गाडीला रिव्हर्स द्यायचा विसरले काय?" जुनी माणसं खाली बघायची. ब्लांच त्या ट्रकमध्ये कधी बसली नाही. तिने त्याला जेवायला वाढलं, आजारपणात उशाशी बसली, पण त्या सकाळीबद्दल एकतीस वर्षांत एक शब्द काढला नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

एक्याऐंशी साली ती गेली. शववाहिनीमागून एमिल ट्रक घेऊन दफनभूमीत गेला. माती देऊन ट्रककडे परतला तेव्हा पुढे बंद फाटक होतं, वळायला जागा नव्हती आणि माणसं आपापल्या गाड्या मागे घेत निघाली होती. तो केबिनमध्ये बसून राहिला. सगळे गेल्यावर उतरला आणि चार मैल चालत घरी आला.

ट्रक तिथेच राहिला. चर्चने दोनदा निरोप धाडला, मग माणूस बोलावून तो ओढून न्यायला लावला. कुठे नेला, हे एमिलने विचारलं नाही.